मोठ्या झटक्यानंतर तडा थबकतो, तो नीट कसा मोजायचा?

नमस्कार. मांडवीतून खनिज भरून निघालेली बार्ज मुरगावला रिकामी झाली, की तिच्या पोलादावर भाराचा एक मोठा फेरा पुरा होतो. वाटेत लाटांचे छोटे फेरे बसतात ते वेगळेच. अशा फेऱ्यांनीच पोलादातला तडा हळूहळू वाढतो. म्हणून एकसारख्या फेऱ्यांवर मोजलेला तड्याचा वेग इथे जसाच्या तसा लावू नका.

हा बघा सीटी (कॉम्पॅक्ट टेन्शन) नमुना, म्हणजे दोन पिनांनी ओढायचा पोलादाचा तुकडा. पिनांच्या मध्यरेषेपासून मागच्या कडेपर्यंत 50 मिमी, जाडी 12.5 मिमी, खाच वायरकटने (विजेच्या ठिणग्यांनी कापणाऱ्या तारेने) पाडलेली. खाचेतून आधी बारीक तडा वाढवून घ्यायचा. त्या वेळचा शेवटचा कमाल 'के' (तड्याच्या टोकाशी ताण किती तीव्र आहे त्याचं माप) चाचणीच्या सुरुवातीच्या कमाल 'के'पेक्षा जास्त नको, नाहीतर पहिले आकडे उगाच मंद येतात.

आता नमुन्यातून स्थिर डीसी करंट सोडा आणि खाचेच्या दोन्ही बाजूंना स्पॉट-वेल्ड केलेल्या तारांवर व्होल्टेज वाचा. तडा वाढला की व्होल्टेज चढतं, पण मायक्रोव्होल्टमध्ये. म्हणून करंटची दिशा उलटसुलट करा. जोडांवरच्या तापमानफरकाने येणारं व्होल्टेज वजा होतं. नमुना ग्रिपपासून (यंत्राच्या पकडीपासून) इन्सुलेट हवाच. आणि वाचन कमाल भारावर घ्या. भार उतरला की तड्याच्या कडा एकमेकींना टेकतात, करंट तिथूनच पलीकडे जातो आणि तडा आखूड दिसतो. ही चूक फार होते.

खरी कसोटी मोठ्या झटक्यानंतर लागते. समजा कमाल 'के' 20 आहे आणि एकाच फेऱ्यात तो 40 एमपीए रूट मीटरवर नेला. पोलादाची यील्ड (ज्या ताणाला ते कायमचं ताणलं जाऊ लागतं) 350 एमपीए असेल, तर जाडीच्या आत टोकाशी साधारण 1.4 मिमीचं प्लास्टिक (कायमचं ताणलं गेलेलं) क्षेत्र तयार होतं, पृष्ठभागावर त्याच्या तिप्पट. तडा किंचित वेगाने पुढे जातो, मग एकदम मंदावतो, आणि ते क्षेत्र ओलांडेपर्यंत रेंगाळतो. दर 0.25 मिमीला वाचन घेतलं तर आत जेमतेम पाच बिंदू मिळतील आणि सर्वांत मंद जागाच हुकेल. दर 0.05 मिमीला घ्या. त्याआधी थांबलेल्या तड्यावर तासभर वाचनं घेऊन बघा: आकडा 0.005 मिमीपेक्षा जास्त हलत असेल, तर आधी वायरिंग सुधारा.

झटक्यापाठोपाठ दाबाचा भार आला तर ही मंदी बरीचशी पुसली जाते. पिनांवरच्या सीटी नमुन्यावर दाब देता येत नाही, त्यासाठी मधोमध तडा असलेली पट्टी वापरा.

खाऱ्या पाण्यात चाचणी करायची तर घाई चालत नाही. लाटेच्या गतीने, म्हणजे 0.2 हर्ट्झवर, 5 लाख फेऱ्यांना 29 दिवस लागतात. वेग वाढवलात तर गंजाला वेळच मिळत नाही आणि तडा खोटा मंद दिसतो.

शेवटी नमुना तोडा, जाडीवर पाच ठिकाणी तड्याची लांबी मोजा आणि व्होल्टेजवरून आलेल्या आकड्याशी ताडून बघा. तडा मध्यभागी बहुधा पुढे गेलेला असतो.