आयला बेटावरचा हिवाळा: हंस, गाई आणि शेतकरी

नमस्कार मंडळी. निमंत्रणपत्रिकेवर 'स्कॉटलंडच्या दुर्गम बेटावरील वन्यजीवन' असं छापलंय. ते दिसायला छान आहे, म्हणून मी संयोजकांना काही बोललो नाही. पण ज्या बेटाबद्दल मी आज सांगणार आहे, तिथे हिवाळ्यात वन्यजीव बघायला रानावनात जावं लागत नाही. गाडी काढायची, एकेरी रस्त्याने हळूहळू जायचं आणि कुंपणापलीकडच्या कुणाच्या तरी शेतात बघत बसायचं. तिथलं जे काही रानटी, जंगली म्हणून आपण बघायला जातो, त्यातलं बरंचसं गाईगुरांच्या आणि शेतकऱ्याच्या जिवावर जगतं. मला आज तेवढंच सांगायचंय. बाकी फोटो आहेतच.

बेटाचं नाव आयला. हसून घ्या एकदाचं, म्हणजे पुढे जाता येईल. काही जणांना हे नाव पक्ष्यांमुळे नाही, दुसऱ्याच कारणाने माहीत असेल. त्यांच्या चेहऱ्यावरून कळतंय मला. लाफ्रॉयग, लागाव्हुलिन, आर्डबेग या व्हिस्की इथल्याच. इनर हेब्रिडीज द्वीपसमूहातलं हे सगळ्यात दक्षिणेचं बेट. वस्ती तीन हजारांच्या थोडी वर. मी ग्लासगोत राहतो. तिथून केनाक्रेगच्या धक्क्यापर्यंत तीनेक तास गाडी आणि पुढे फेरीबोटीने दोन-सव्वादोन तास. म्हणजे फेरी सुटली तर. हिवाळ्यात वारा पिसाळला की दोन-दोन दिवस सुटत नाही.

नकाशात बघा, आयला साधारण मॉस्कोच्या अक्षांशावर आहे. जानेवारीत मॉस्को बर्फाखाली असतं आणि इथे गवत हिरवंगार. अटलांटिकमधून येणारा उबदार प्रवाह बेटाला वळसा घालून जातो, त्यामुळे थंडी बोचरी असली तरी जमीन क्वचितच गोठते. पाऊस मात्र आडवा येतो. डिसेंबरच्या शेवटी दिवस जेमतेम सात तासांचा. पण गवत आहे, आणि ग्रीनलंडहून निघालेल्या पक्ष्याला तेवढंच हवं असतं.

ऑक्टोबरात बार्नेकल हंस येतात. हंस म्हणजे इथे इंग्रजीत ज्याला गूज म्हणतात तो. सरस्वतीच्या पायाशी बसतो तो नव्हे. काळी मान, पांढरा चेहरा, पाठीवर राखाडी-काळे पट्टे. पूर्व ग्रीनलंडच्या कड्यांवर यांची घरटी, वाटेत आइसलंडला मुक्काम आणि मग स्कॉटलंड-आयर्लंडचा पश्चिम किनारा. त्या सगळ्यांतला फार मोठा हिस्सा एकट्या आयलावर उतरतो. एप्रिलमध्ये परत जातात.

हा पक्षी घरटं करताना युरोपात कुणी पाहिलाच नव्हता, त्यामुळे तो समुद्रात वाहून आलेल्या लाकडांना चिकटलेल्या शिंपल्यांतून जन्मतो असा समज शतकानुशतकं होता. बाराव्या शतकात जेराल्ड ऑफ वेल्सने लिहून ठेवलंय की आयर्लंडात काही धर्मगुरू उपासाच्या दिवशी हा पक्षी खुशाल खातात, कारण तो मांसापासून जन्मलेला नाही. उपासाला काय काय चालतं याची यादी वाढवण्यात आपणही काही मागे नाही, तेव्हा त्यांना हसू नये.

आता हा पक्षी जवळून बघू. गाडीची काच खाली केलीये, दिवे आणि इंजिन बंद. गाडीला ते घाबरत नाहीत, पण दार उघडून पाय बाहेर टाकलात की सगळा थवा हवेत. पंधरा-वीस फुटांवर शंभरेक पक्षी चरताहेत. चोच आखूड, काळी. मान खाली, आणि मिनिटाला शंभराहून जास्त वेळा गवताचं टोक खुडलं जातं. चर-चर-चर असा बारीक आवाज येतो, कान दिला तर. कडेला एखादा मान ताठ करून उभा असतो, पहारेकरी. तो खाली वाकला की दुसरा मान वर काढतो. आणि मागून सारखी विष्ठा पडतेय. हसण्यावारी नेऊ नका, या सगळ्या गोष्टीचं मूळ तिथेच आहे. हंसाला गाईसारखं रवंथ करता येत नाही. गवतातला तंतू पचत नाही, वरवरचा रस तेवढा मिळतो, आणि उरलेलं दर तीन-चार मिनिटांनी बाहेर. त्यामुळे पोट भरायचं तर उजेड असेपर्यंत चोच थांबवून चालत नाही. पौर्णिमेच्या आसपास तर रात्रीही चरतात.

ज्याचं पचन असं, तो सगळ्यात कोवळं आणि सगळ्यात सकस गवत शोधणारच. ते माळावर नसतं. नांगरून, खत घालून, रायग्रासचं बी पेरून शेतकऱ्याने आपल्या गाईमेंढ्यांसाठी केलेल्या कुरणात ते असतं. ग्रीनलंडच्या बार्नेकल हंसांची १९५९ साली गणती झाली तेव्हा ते सुमारे ८,३०० होते. २०१३ साली ८० हजारांच्या वर. शिकारीला बसलेला आळा हे एक कारण आणि हिवाळ्यातलं हे सुधारलेलं गवत हे दुसरं.

शेतकऱ्याच्या बाजूने बघा. मार्च-एप्रिलमध्ये मेंढ्या विणार, तेव्हा पहिलं गवत हवं. ते हंसांनी मुळापर्यंत खुडलेलं. वर चिखल तुडवलेला, विष्ठेचा थर. मग वैरण विकत आणायची, तीही फेरीने, भाडं भरून. तुम्हा-आम्हाला जो थवा बघून भरून येतं, तो त्याला बिलात दिसतो. म्हणून सरकार गेली कित्येक वर्षं शेतकऱ्यांना हंसांपोटी पैसे देतं. काही कुरणांवर हंसांना निवांत चरू द्यायचं, काहींवरून हाकलायचं. हे सगळं नेचरस्कॉट ही सरकारी संस्था बघते. २०१४ साली त्यांनी दहा वर्षांचं धोरण आखलं: बार्नेकल हंसांची संख्या कमी करून नुकसान घटवायचं. कमी करायची म्हणजे परवान्याने गोळ्या घालून. त्यासाठी नेमबाज नेमले. पक्षिसंरक्षणाचं काम करणाऱ्या आरएसपीबीने त्याला विरोध केला. डिसेंबरच्या सकाळी तुम्ही दुर्बीण लावून बसलेले असता आणि दोन शेतं पलीकडे बार उडतो. हेही तिथलं वन्यजीवनच, निदान मी तरी ते वगळून फोटो दाखवणार नाही.

माझं मत विचाराल तर गोळीबार मला पटत नाही, पण शेतकऱ्यावर रागवायला मला तोंड नाही. आपल्याकडे रानडुकरांनी भुईमूग उकरला की पंचनामा आणि भरपाई यांत किती महिने जातात, हे इथे बसलेल्यांपैकी अनेकांना माझ्याहून जास्त माहीत आहे.

याच कुरणांत दुसरा एक हंस मिसळलेला असतो: ग्रीनलंडचा पांढऱ्या कपाळाचा. चोच नारिंगी, पोटावर काळे आडवे पट्टे. हा पश्चिम ग्रीनलंडमधला, आणि इकडे येताना ग्रीनलंडचा अख्खा बर्फाळ पठारी भाग ओलांडतो. बार्नेकल हजारोंनी एकत्र. हा मात्र लग्नाच्या पंगतीत आपापल्या घरच्यांना धरून बसणाऱ्या मंडळींसारखा, आईबाप आणि पोरं कोपरा धरून. पोरं कधी कधी काही वर्षं आईबापांबरोबर राहतात. याची गोष्ट उलटी आहे. १९९९च्या सुमारास जगभरात मिळून ३५ हजार होते, आता जवळपास निम्मे उरलेत. आइसलंड आणि ग्रीनलंडमध्ये शिकार बंद झाली तरी आकडा सावरला नाही, कारण पिल्लंच पुरेशी होत नाहीत; वसंतात तिकडे बर्फ जास्त पडायला लागलाय. म्हणजे एकाच शेतात एक पक्षी नको इतका आणि दुसरा हवा तितका नाही. हाकलणाऱ्याने काय करायचं? दोघंही एकदमच उडतात.

या पांढऱ्या कपाळाच्या हंसावरून १९८५ साली आयलावर मोठा तंटा झाला. व्हिस्कीच्या सातूला धुरी द्यायला पीट लागतं. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेलं अर्धवट कुजलेलं शेवाळ आणि झाडपाला. वाळवला की जळतो. ते डुइच मॉस नावाच्या दलदलीतून काढायचं ठरलं, आणि नेमक्या त्याच दलदलीत हे हंस रात्री मुक्कामाला असायचे. टीव्हीवरचे लोकप्रिय वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड बेलामी लोकांना समजवायला बेटावर आले, तर गावकऱ्यांनी भर सभेत त्यांना धारेवर धरलं. बाहेरचे लोक येणार, आमच्या पोरांच्या नोकऱ्या घालवणार आणि परत जाणार, असा सूर. प्रकरण युरोपीय आयोगापर्यंत गेलं. शेवटी पीट दुसऱ्या जागेवरून काढायचं ठरलं, हंस राहिले आणि व्हिस्कीही चालू राहिली. आमच्यासारखे दुर्बीणवाले आजही थोडे जपूनच बोलतात तिथे.

आता गाईंकडे येतो. आर्डनेव्हकडे वाळूच्या टेकड्या आहेत, त्यांवर हिवाळाभर गाई उघड्यावर चरतात. तिथे चफ बघायला मिळतो. कावळ्याच्या घराण्यातला, काळा कुळकुळीत, पण चोच आणि पाय लालभडक. तुमच्यापैकी जे लडाख-स्पितीला जाऊन आलेत त्यांनी बघितला असेल, तोच. स्कॉटलंडमध्ये मात्र तो आयला आणि शेजारच्या कॉलन्से बेटांपुरताच उरलाय, मोजक्या जोड्या. आम्ही गाडीत बसलो होतो, तेव्हा एक चफ शेणाच्या पोवाजवळ उतरला. आधी भोवती फिरला. मग ती वाकडी चोच कडेने आत खुपसली, मान तिरकी केली आणि वरची सुकलेली पापडी झाकणासारखी उलटवली. आत पांढऱ्या आळ्या. एकेक टिपून खाल्ली, पुढच्या पोवाकडे उडी. मला वाटतं अर्धा तास आम्ही शेण बघत होतो. बायकोने शेवटी विचारलं, यासाठी तिकीट काढलं का आपण? हो, यासाठीच.

कारण असं आळ्यांनी भरलेलं शेण आता गृहीत धरता येत नाही. गुरांना जंतांवर जी औषधं देतात, त्यांतली काही शेणातून तशीच बाहेर पडतात आणि शेणातले किडे मरतात. शेण दिसतं तसंच, आत काही नाही. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाने आपली गिधाडं मेली, ती कथा आपण भोगलीये, त्यामुळे हे समजावून सांगायची गरज नाही. त्यात चफची संख्या इतकी कमी की जवळच्या नात्यांत जोड्या जमतात आणि काही पिल्लं आंधळी जन्मतात. आता कोवळ्या चफना हिवाळा काढता यावा म्हणून त्यांच्यासाठी मुद्दाम आळ्या टाकतात. गाई मात्र हव्यातच. त्या काढून घ्या, गवत वाढू द्या, बेट अगदी रानटी दिसायला लागेल आणि चफ संपेल.

लॉख ग्रुइनार्ट या खाडीवर आरएसपीबीचं राखीव क्षेत्र आहे, तेही प्रत्यक्षात चालतं शेत आहे. पक्षिसंस्थेच्या मालकीच्या गाई तिथे चरताना दिसतात. संध्याकाळी ओहोटीच्या चिखलावर हंस उतरायला लागतात. रांगा, मग रांगांवर रांगा, आणि कुत्र्याच्या पिल्लांच्या भुंकण्यासारखा कलकलाट. मधेच सगळे एकदम उठले तर खाली बघू नका, वर बघा. गरुड असतो. सोनेरी असेल किंवा पांढऱ्या शेपटीचा समुद्री गरुड. हा दुसरा ब्रिटनमधून १९१८ साली पूर्ण संपला होता. १९७५ पासून नॉर्वेहून पिल्लं आणून रम बेटावर सोडली, त्यांची ही पुढची पिढी. याच्यावरही मेंढपाळांचा राग आहेच, कोकरं उचलतो म्हणून.

पाणमांजरांबद्दल थोडंच सांगतो, कारण वेळ होत आलीये. तिथली दिवसाही समुद्रात दिसतात. ओहोटीला समुद्रशेवाळात डोकं, मग पाठ, मग शेपटीचं टोक, आणि गायब. लहान मासा असेल तर पाण्यातच खातं. खेकडा किंवा मोठा मासा घेऊन खडकावर येतं. खारं पाणी केसांत राहिलं तर ऊब टिकत नाही, म्हणून त्याला गोड्या पाण्यात अंग धुवावंच लागतं. तेव्हा किनाऱ्याला ओढा मिळतो ती जागा शोधा.

मागून विचारताहेत, भिगवणला पट्टकादंब, म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात येणारे असेच हंस, बघितले तर हे वेगळं काय? फार वेगळं नाही हो. भिगवणचं पाणी उजनी धरणाचं. तिथले मासेमार आज पर्यटकांना नावेतून पक्षी दाखवतात, आणि तो पाणपसारा होण्याआधी तिथे गावं होती.

जायचं असेल तर नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी. परतीच्या फेरीनंतर एक दिवस मोकळा ठेवा, त्याच संध्याकाळी विमान धरू नका. गमबूट न्या. एकेरी रस्त्यावर ठरावीक अंतरावर समोरच्याला वाट द्यायला जागा केलेल्या असतात. त्या वाट द्यायला असतात, दुर्बीण लावायला नाही. मागे ट्रॅक्टर आला तर आधी त्याला जाऊ द्या, त्याची गुरं उपाशी आहेत. आणि समोरून येणारा प्रत्येक जण स्टिअरिंगवरून हात वर करतो, तुम्हीही करा. नाही केलात तर बाहेरचे आहात हे लगेच कळतं. अर्थात रस्त्याच्या मधोमध गाडी थांबवून शेण बघत होतात, तेव्हाच ते त्यांना कळलेलं असतं.