बूस्ट वाढवण्याआधी उष्णतेचा हिशोब

[दृश्य : शिवाजी उद्यमनगर. लेथवर कातली जाणारी फ्लँज. शेजारच्या शेडमध्ये बॉनेट उघडलेली डिझेल स्विफ्ट.]

टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरणारं टर्बाइन आणि त्याच शाफ्टवर इंजिनासाठी हवा दाबणारा कॉम्प्रेसर. हा वाढवलेला दाब म्हणजे बूस्ट. कोल्हापुरात टर्बो बदलायचं ठरवलं की लोखंडाच्या कामासाठी कुणाचं अडत नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावात ओतकाम होतं, उद्यमनगरात नमुना दिला की अ‍ॅडॅप्टर फ्लँज (टर्बो जोडणारी चकती) कातून मिळते. पण फ्लँज बसली, बोल्ट आवळले, गाडी चालू झाली, म्हणजे टर्बो इंजिनाला जुळला असं होत नाही.

समोरचं इंजिन १२४८ सीसीचं, १.३ लिटर डिझेल. स्विफ्टमध्ये ते ७५ पीएस आणि १९० न्यूटन मीटर द्यायचं. हेच इंजिन व्हेरिएबल जॉमेट्री (पात्यांचा कोन बदलणारा) टर्बो लावून एर्टिगात आलं तेव्हा ताकद ९० पीएस झाली, टॉर्क मात्र २०० न्यूटन मीटरवरच ठेवला गेला. टर्बोला हात लावण्याआधी टॉर्कचे हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघावेत, कंपनीनेही वाढ बेताचीच ठेवली.

[दृश्य : बूस्ट गेजचा काटा.]

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच आहे. इथे हवेचा दाब सुमारे ०.९५ बार. इंजिनाला २.३ बार अ‍ॅब्सोल्युट दाब (बाहेरच्या हवेचा दाब धरून एकूण दाब) हवा असेल तर मुंबईत कॉम्प्रेसरला हवा २.२७ पट दाबावी लागते, इथे २.४ पट. म्हणजे कंपनीच्या सेटिंगवरसुद्धा इथला टर्बो थोडं जास्तच राबतो.

हवा दाबली की तापते. बाहेर ३५ अंश तापमान आहे आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के आहे असं धरा. २.४ पट दाबलेली हवा १६० अंशांच्या आसपास बाहेर पडते. आता वेस्टगेटची (जादा एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा देऊन सोडणाऱ्या झडपेची) दांडी आवळून दाब २.७ पटीवर नेला. छोटा कॉम्प्रेसर त्याच्या सोयीच्या टापूबाहेर गेला, कार्यक्षमता ६२ टक्क्यांवर आली, तर हवा जवळजवळ २०० अंशांवर जाते. एकूण दाब साडेबारा टक्के वाढतो, पण तापलेली हवा विरळ असल्यामुळे कॉम्प्रेसरच्या तोंडाशी तिची घनता वाढते जेमतेम साडेतीन टक्के. ७० टक्के उष्णता काढणारा इंटरकूलर (दाबलेली हवा गार करणारा रेडिएटर) मध्ये असेल तर फायदा नऊ टक्क्यांपर्यंत पोचतो. त्याच वेळी टर्बाइनच्या अलीकडे एक्झॉस्टचा दाबही चढतो आणि यातला काही भाग तोच खाऊन टाकतो.

म्हणून आमचा आग्रह असा, की खर्चाचा पहिला पैसा इंटरकूलरवर जावा. दाब तोच ठेवून ८५ टक्के उष्णता काढणारा इंटरकूलर बसवला, तर इंजिनात जाणारी हवा ७२ अंशांऐवजी ५४ अंशांवर येते. साडेपाच टक्के जादा हवा, आणि टर्बोवर एका फेऱ्याचाही ताण नाही. फक्त कोअर इतका जाड नको की रेडिएटरला वाराच मिळणार नाही.

[दृश्य : होज पाईप काढून कॉम्प्रेसरचं चाक दाखवणारा हात.]

कुठलंही मॉडिफिकेशन करण्याआधी मूळ टर्बो तपासायचा. चाकाचा मधला नट बोटांत धरून शाफ्ट आत-बाहेर ओढून बघा. हाताला जाणवण्याइतकी हालचाल असेल तर थ्रस्ट बेअरिंग गेलं. आडवी किंचित हालचाल चालते, कारण शाफ्टला बाजूने आधार देणाऱ्या जर्नल बेअरिंगमधली फट चालू गाडीत ऑइल भरून काढतं. मात्र पाती हाऊसिंगला घासल्याची खूण दिसता कामा नये.

मग गळती. टर्बोच्या तोंडाला झाकण लावून रेग्युलेटरने सावकाश १ बार हवा भरायची आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारायचं. होज पाईप हाताने दाबून बघणं पुरेसं नाही. ऑइलने फुगलेला रबर थंड असताना धड वाटतो आणि बूस्ट आला की चिरेतून उघडतो. पिकअप कमी झाला, काळा धूर आला, स्कॅनरवर पी०२९९ (बूस्ट कमी असल्याचा कोड) दिसला, की टर्बो बदलायची घाई होते. अशा वेळी आधी हा पाईप आणि त्याची क्लिप बघावी.

वेस्टगेटच्या दांडीवर रंगाची खूण करून ठेवल्याशिवाय नट फिरवू नका. हातपंपाने अ‍ॅक्च्युएटरला दाब द्या आणि दांडी १ मिलिमीटर सरकते तो दाबाचा आकडा लिहून ठेवा. दांडी आखूड केली की झडप उशिरा उघडते. ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) ठरल्यापेक्षा जास्त दाब दिसला की पी०२३४ कोड येतो, गाडी लिम्प मोडमध्ये जाते, म्हणजे ताकद मुद्दाम कमी केली जाते. आणखी एक अडचण आहे. बऱ्याच गाड्यांचा दाबाचा सेन्सर २.५ बार अ‍ॅब्सोल्युटपर्यंतच मोजतो. मघाचा २.७ पट दाब कोल्हापुरात २.५६ बार होतो, म्हणजे शेवटचा टप्पा ईसीयूला दिसतच नाही.

डिझेलचा हिशोबही हवेवरच चालतो. एका किलो डिझेलमागे १८ किलोपेक्षा कमी हवा मिळाली की धूर दाट होत जातो. रेल प्रेशरचा (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलच्या दाबाचा) खोटा आकडा ईसीयूला दाखवणारी स्वस्त डबी डिझेल वाढवते, हवा वाढवत नाही. ते जादा डिझेल एक्झॉस्ट तापवतं.

[दृश्य : मॅनिफोल्डला ड्रिल, त्यात बसणारा थर्मोकपल.]

एक्झॉस्टचं हे तापमान के-टाइप थर्मोकपलने (तापमान मोजणाऱ्या सेन्सरने) टर्बाइनच्या अलीकडे मोजायचं. भोक पाडताना मॅनिफोल्ड इंजिनावरून उतरवा. आत राहिलेला लोखंडाचा एक कीसही दोन लाखांवर आरपीएमने फिरणाऱ्या टर्बाइनची पाती मोडतो. चाचणीला सपाट हायवे कामाचा नाही. वैभववाडीकडून करूळ घाट भरलेल्या गाडीने चढताना आकडा बघा. चढावर तो सतत ७५० अंशांच्या वर राहत असेल तर डिझेल कमी करा.

याच घाटात मोठ्या टर्बोचा दोषही कळतो. दुसऱ्या गिअरमध्ये, १६०० आरपीएमवर, वळणातून बाहेर पडताना १.३ लिटरचा एक्झॉस्ट जड चाकाला फिरवू शकत नाही. २५०० आरपीएमनंतर ताकद एकदम येते, आणि ती आल्यावर १९० न्यूटन मीटरसाठी बनलेला क्लच घसरू लागतो. रोजच्या गाडीला मूळ मापाचाच टर्बो, चांगला इंटरकूलर आणि डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) बसून केलेला बेताचा रिमॅप, म्हणजे ईसीयूच्या सेटिंगमधला बदल, शोभतो.

[दृश्य : नवीन टर्बोत ऑइल ओतताना.]

नवीन टर्बो बसवताना ऑइल फीड पाईप नवाच घ्या. जुन्यातला कार्बन बेअरिंगचं ऑइल अडवतो. तिथे सिलिकॉन गास्केट लावू नका, त्याचा सुटलेला तुकडाही तेच करतो. ऑइल आणि फिल्टर बदला, टर्बोच्या भोकात स्वच्छ ऑइल भरून चाक हाताने फिरवा. इंजेक्टर बंद ठेवून ऑइलचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा मारा, मग काही मिनिटं आयडलवर ठेवा. ऑइलचा परतीचा पाईप सरळ खाली उतरला पाहिजे. तो दबला किंवा इंजिनाचा ब्लो-बाय (पिस्टनच्या कडेने खाली गळणारा वायू) जास्त असला, तर नवाकोरा टर्बोही सीलमधून ऑइल टाकतो आणि दोष उगाच टर्बोवर येतो.

कायद्याचं पक्कं लक्षात ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि कलम १८२ए खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मोठे बदल ट्रॅकच्या गाडीवर करावेत.

[दृश्य : लिफ्टवर चढवलेली गाडी.]

पाचशे किलोमीटरनंतर गाडी पुन्हा लिफ्टवर घ्या. मॅनिफोल्डचे नट गार इंजिनावर टॉर्क रेंचने तपासा, इंटरकूलरच्या तळाचा पाईप सोडून आत किती ऑइल साठलंय ते बघा. हलका ओलावा चालतो. ऑइल ओतून काढण्याइतकं असेल, तर परतीच्या पाईपपासून तपासणी पुन्हा सुरू करा.