घरी जातानाचा आकडा

आजींच्या नडगीवर डॉक्टरांचा अंगठा आहे. दाबला... आणि उचलला. तो खळगा पाहा. भरून यायला वेळ लागतोय, कारण आत पाणी साचलंय. हृदयाचा पंप कमी पडू लागला, म्हणजे हार्ट फेल्युअर झालं, की पाणी असं पायांत उतरतं. पण पाय सुजायच्या आधीच, बहुतेक वेळा, त्याची खूण रक्तात आलेली असते.

जांभळ्या टोपणाची ही नळी. सिस्टर ती हलक्या हाताने उलटसुलट करतायत, रक्त गोठू नये म्हणून. यंत्रात गरगर फिरून आली की बघा: खाली लाल थर, वर पिवळसर पाणी. आपल्याला हवंय ते या पिवळ्या पाण्यात.

त्याचं नाव बीएनपी. यातला 'बी' म्हणजे ब्रेन, कारण १९८८ साली जपानी संशोधकांना हा पदार्थ पहिल्यांदा सापडला तो डुकराच्या मेंदूत. पुढे कळलं, तो मुख्यतः तयार होतो हृदयाच्या खालच्या कप्प्यांत. नाव मात्र मेंदूचंच राहिलं. कप्प्यात रक्त तुंबतं, भिंत ताणली जाते आणि तिथल्या पेशी १०८ अमिनो आम्लांची एक साखळी बनवतात. तिचे दोन तुकडे होतात. ३२ चा तुकडा बीएनपी; त्याच्यामुळे मूत्रपिंडं मीठ-पाणी बाहेर टाकतात. उरलेला ७६ चा, एनटी-प्रोबीएनपी, रक्तात जास्त वेळ टिकतो, म्हणून मोजायला सोयीचा. हार्ट फेल्युअरवरची सॅक्युबिट्रिलची गोळी चालू असेल तर हाच मोजावा. त्या गोळीने बीएनपी वाढलेलं दिसू शकतं. आणि हे सगळं मोजायचं पिकोग्रॅममध्ये. ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग!

रिपोर्ट आला. आकडा वाचताना वय पाहायचं, मूत्रपिंडं पाहायची, वजनही. लठ्ठ माणसात तो कमी दिसतो. आणि सगळ्यात आधी पाहायचा याच पेशंटचा मागचा आकडा. तोच हाताशी नसेल, तर आजचा चढलाय की उतरलाय, ठरवायचं कशावरून? चढत गेला तर पुन्हा भरती व्हायचा धोका वाढतो, कधी जिवावरही बेततं.

हे आजींचं डिस्चार्ज कार्ड. औषधं आहेत, वजन आहे, पुढची तारीख आहे. या आकड्याला रकाना नाही. तो हवा, हार्ट फेल्युअरच्या प्रत्येक कार्डावर हवा. डॉक्टरांनी पेन उचललंय. वजनाच्या शेजारी, समासात: आकडा आणि आजची तारीख.

आजी चष्मा शोधतायत.