पाय दोन, सायकली सात

श्रोतेहो, नमस्कार.

"पाय दोन आणि सायकली सात?" आमच्या शेजारच्या आजींनी हे विचारलं, तेव्हा मी हातातला पाना खाली ठेवला आणि हसलो. उत्तर काय देणार? सातही जुन्या, सातही वापरलेल्या. कुणी वाड्याच्या जिन्याखाली वर्षानुवर्षं धूळ खात होती, कुणी दुधाच्या किटल्या वाहून कॅरियर वाकवून घेतलेली.

आम्ही शौकीन आधी बघतो ती पायडलची चक्री. रॅले, रज, हंबर या जुन्या विलायती कंपन्या. रॅलेच्या चक्रीत बगळ्यांच्या माना कोरलेल्या असतात. रज असेल तर हाताचा पंजा दिसतो. हंबर तर पुढच्या चिमट्यावरूनच कळते, कारण तिथं एका नळीच्या जागी दोन-दोन नळ्या. बीएसए म्हणजे मूळची बर्मिंगहॅमची बंदुका करणारी कंपनी, म्हणून तिच्या बिल्ल्यावर तीन रायफली. आपल्याकडेही वरळीला हिंद सायकलचा कारखाना होता आणि आसनसोलला सेन-रॅलेचा. या दोन्हींची एकेक माझ्याकडे आहे, आणि खरं सांगू का, विलायतीपेक्षा माझा जीव त्यांच्यावर जास्त.

पण आज सांगायचंय ते रॅलेच्या मागच्या चाकाबद्दल. ती घरी आणली तेव्हा मागचा हब, म्हणजे चाकाचा मधला गाभा, काळ्या मेणचटाचा नुसता गोळा होता. रॉकेलचा बोळा घेऊन बसलो. पंधरा-वीस मिनिटांनी आधी 'स्टर्मी-आर्चर' हे हबच्या कंपनीचं नाव वर आलं, मग 'एडब्ल्यू' हा त्याचा नमुना, आणि मग दोन आकडे : ५४ आणि ७. म्हणजे हा हब जुलै १९५४ मध्ये तयार झाला! सायकलही तेव्हाचीच असेल असं नाही हं, चाक मागाहून बदललेलं असू शकतं. तरी आपल्या आधी जन्मलेली वस्तू स्वतःची जन्मतारीख सांगते, याची मजा वेगळीच.

या हबमध्ये तीन गिअर असतात. मधला सरळ, खालचा पाव हिस्सा हलका, वरचा एक तृतीयांश जड. मधल्या आणि वरच्या गिअरला पायडल मारतानासुद्धा आतून टिकटिक ऐकू येते, खालच्या गिअरला मात्र तो गप्प. पहाटे रस्ता मोकळा असला की घड्याळ मागे बांधल्यासारखं वाटतं.

ती टिकटिक मीच एकदा बंद पाडली होती. शहाणपणा करून हबमध्ये ग्रीस ठासलं. आतले बारीक खटके त्यात रुतून बसले, आणि चढावर पायडल गर्रकन मोकळं फिरून माझा गुडघा हँडलवर आपटला. त्या हबला पातळ तेलाचे चार थेंब पुरतात, आणि त्यासाठी वर छोटं टोपण दिलेलंच असतं. माझ्या डोळ्यांसमोर होतं की ते!

सुट्या भागांचं म्हणाल, तर आपण नशीबवान. अठ्ठावीस इंची टायर, रॉडचे ब्रेक, कॉटर पिना अजून आपल्या बाजारात मिळतात, कारण तशा सायकली आपल्याकडे कालपरवापर्यंत बनत राहिल्या. फक्त रॅलेच्या क्रँकचा कप, म्हणजे पायडलच्या आसाचे छर्रे धरणारी वाटी, घेताना सावध. तिचे आटे इंचाला सव्वीस, बाकीच्यांचे बहुधा चोवीस. दुकानदार "बसतो हो" म्हणून पिळेल आणि आटे कायमचे जातील.

आणि रंग? कृपा करून देऊ नका. माझ्या हर्क्युलिसच्या दांडीवर एका जागी रंग उडून लोखंड गुळगुळीत झालंय. तिथं कुणाचं तरी पोर रोज बसत असणार, शाळेला जाताना. त्यावर मी ब्रश फिरवू?

परवा बुधवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जायचंय. रजला डावं पायडल नाही. ते मिळेपर्यंत ती भिंतीला टेकून उभी आहे, आणि आजी येता-जाता तिची घंटी वाजवून बघतात.