मूळ म्हणजे कुठल्या सालातलं?

(इमारतींच्या अभ्यासफेरीआधी मुंबईत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, उद्या सकाळी आपण फोर्टात लायन गेटजवळच्या सेंट अँड्र्यूज चर्चकडे जाणार आहोत. आज त्याची पूर्वतयारी. जुन्या इमारतीची डागडुजी झाली की बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं, 'वास्तूला मूळ वैभव प्राप्त'. ते वाचलं की मला विचारावंसं वाटतं, मूळ म्हणजे कुठल्या सालातलं? चर्च प्रेस्बिटेरियन, म्हणजे स्कॉटलंडच्या प्रोटेस्टंट पंथाचं असेल तर हा प्रश्न जास्तच अडचणीचा होतो.

1813 साली ईस्ट इंडिया कंपनीची सनद नवी झाली. कलकत्त्याला अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा बिशप मिळाला. कंपनीच्या नोकरीत स्कॉटिश माणसं भरपूर. त्यांनी धोशा लावला, आमचे धर्मगुरू कुठे? मग कलकत्ता, मद्रास आणि मुंबई अशा तिन्ही ठिकाणी स्कॉटिश चॅपलन, म्हणजे कंपनीचे पगारी धर्मगुरू नेमायचं ठरलं. आपल्याकडे 1815 साली जेम्स क्लो आले आणि 1819 मध्ये सेंट अँड्र्यूज उघडलं. (हेच क्लो पुढे मेलबर्नला जाऊन स्थायिक झाले.)

भांडण पेटलं ते मनोऱ्यावरून. कलकत्त्याची गोष्ट तर अशी सांगतात, की स्कॉटिश चर्चला उंच मनोरा नको असा बिशपांचा आग्रह होता. तिथले चॅपलन ब्राइस मग हट्टालाच पेटले. त्यांनी मनोरा चढवलाच, वर वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडाही बसवला, बिशपच्या डोक्यावर आरवायला! सरकारने म्हणे एवढीच अट घातली, की कोंबड्याची दुरुस्ती सरकारी खर्चाने होणार नाही. देखभालीच्या खर्चावर इतकं नेमकं बोट ठेवणारं सरकार मी दुसरं पाहिलेलं नाही.

मुंबईच्या चर्चवर 1826 साली वीज पडली. मनोरा गेला, मग नवा बांधला. म्हणजे उघडल्यावर सात वर्षांतच दुरुस्ती. आता सांगा, मूळ मनोरा कुठला? पडलेला, की त्याच्या जागी बांधलेला? आजच्या एखाद्या वास्तुविशारदाला पहिल्या मनोऱ्याचा नकाशा सापडला, तर त्याने दुसरा उतरवावा का? मी म्हणेन, नाही. वीज पडणं हाही त्या इमारतीचा इतिहासच आहे.

बाहेरून हे चर्च ओळखीचं वाटतं, खांबांचा द्वारमंडप आणि वर मनोरा. फरक आत आहे, आणि आत काय नाही ते आधी बघायचं. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी माहीमचं किंवा माउंट मेरीचं चर्च पाहिलंय. तिथे मूर्ती, मेणबत्त्या, सजवलेली वेदी. प्रेस्बिटेरियन परंपरेत यातलं जवळजवळ काहीच नाही. बिशपही नाही. मंडळीचा, म्हणजे चर्चच्या सभासदांचा कारभार पाळक (धर्मगुरू) आणि निवडलेले वडीलधारे मिळून बघतात. डोळे जायचे ते पुलपिटाकडे, म्हणजे प्रवचनाच्या उंच चौथऱ्याकडे, कारण उपासनेचा कणा म्हणजे बायबलचं वचन आणि त्यावरचं प्रवचन. बाकांची रचना, खिडक्यांचा उजेड, सगळं बोलणारा माणूस दिसावा आणि ऐकू यावा यासाठी.

या बोलण्याचा मराठीशी फार जवळचा संबंध आहे. 1829 साली स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन मुंबईत आले, विल्सन कॉलेजवाले तेच. त्यांनी 1831 मध्ये प्रेस्बिटेरियन धर्तीवर इथल्या लोकांची मंडळी सुरू केली. त्याच सुमारास मोरभट दांडेकर या हिंदू पंडितांशी त्यांचा जाहीर वाद झाला आणि दांडेकरांनी 'श्रीहिंदुधर्मस्थापना' लिहून उत्तर दिलं. कोण जिंकलं ते सोडून द्या. पण मराठीत वादाचं गद्य त्या दिवसांत घडत होतं, आणि त्याला निमित्त अशीच माणसं होती.

मग आलं 1843. स्कॉटलंडमध्ये चर्च फुटलं. पाळक कोणी नेमायचा, मंडळीने की जमीनदाराने, यावरून साडेचारशेच्या वर पाळक बाहेर पडले आणि फ्री चर्च निघालं. इथे विल्सन आणि त्यांचे सहकारीही बाहेर पडले, त्यांच्या शिक्षणसंस्थेसाठी तयार होत आलेली इमारत मागे सोडून. आता या चर्चच्या नावात सेंट कोलंबाही दिसतं, ते दोन मंडळ्या पुढे एकत्र आल्यामुळे. पाटी वाचताना घाई करू नका.

आता डागडुजी करणाऱ्याची खरी पंचाईत ऐका. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्कॉटिश चर्चमध्ये वाद्यच चालत नसे. एक जण सूर धरायचा, बाकीचे स्तोत्र म्हणायचे. 1807 साली ग्लासगोच्या सेंट अँड्र्यूजमध्ये ऑर्गन वाजवला, तर तो बंद पाडला. ऑर्गन हळूहळू मान्य झाला तो 1860च्या दशकात. म्हणजे अशा एखाद्या चर्चला प्रामाणिकपणे 1819 मध्ये न्यायचं म्हटलं, तर आधी ऑर्गन बाहेर काढावा लागेल, मग विजेचे पंखे उतरवून पंखेवाला बसवावा लागेल. कोणी असं करत नाही आणि करूही नये. पण मग सोयीची तेवढी सालं निवडून त्यांना 'मूळ' म्हणणंही थांबवावं.

माझ्या मते दुरुस्तीची खरी परीक्षा भिंतीत असते. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट 1824 चं. म्हणजे 1819 ची भिंत सिमेंटची असूच शकत नाही. ती चुन्याची. आपल्याकडे एक स्टेशन चुनाभट्टी आहे, ते उगाच नाही. चुना घाण्यात मळायचे, त्यात सुरखी म्हणजे विटेची भुकटी घालायचे, कुठे गूळ, कुठे बेलफळाचं पाणी. असा गिलावा सावकाश मुरतो आणि माठासारखा झिरपतो. जुलैची ओल भिंतीत शिरते आणि उन्हाळ्यात बाहेर पडते. त्यावर कोणी शहाणपणाने सिमेंटचा थर चढवला, की ओल आतच कोंडते. मग लोणा, म्हणजे खार लागतो, पोपडे सुटतात, आत अडकलेलं लोखंड गंजून फुगतं आणि दगडाला तडा जातो. वरून भिंत गुळगुळीत, नवीकोरी!

उद्या परवानगी घेऊन कोपऱ्यात कुठेतरी बोटाने हलकेच टिचकी मारून बघा. चुन्याचा धड गिलावा भरीव वाजतो, सुटलेला भदभद वाजतो. खिडकीच्या खालच्या पट्टीवर बोट फिरवा. पांढरी खारट भुकटी हाताला लागली तर समजा, आत ओल अडकलेली आहे. चकचकीत ऑइलपेंट दिसला की मीही आधी वैतागतो, पण अशा वेळी रखवालदाराला विचारावं, खरवडताना खाली कुठकुठले रंग निघाले? त्याला माहीत असतं, आणि तो सांगतोही आवडीने. अशा वास्तूंचं जतन व्हावं म्हणून 1995 साली मुंबईत वारसा नियमावली आली, देशात पहिली. पण चुना मळणारा गवंडी मिळाल्याशिवाय नियम भिंतीला लागत नाहीत.

जाता जाता शेजारची एक गंमत. चर्चलगत पूर्वी बर्फघर होतं. अमेरिकेतल्या तळ्यांवरचा बर्फ जहाजाने मुंबईत यायचा आणि तिथे साठवायचे. 1834 च्या सुमारास जमशेटजी जीजीभाईंनी पाहुण्यांना आइस्क्रीम खाऊ घातलं, तर यजमान आणि पाहुणे सगळ्यांना सर्दी झाली, असं 'मुंबई समाचार'ने छापलं होतं. बर्फघर गेलं, आता तिथे के. आर. कामा ओरिएंटल इन्स्टिट्यूट आहे. वेळ उरला तर तेही बाहेरून बघू.

सव्वाआठला जहांगीर आर्ट गॅलरीच्या दारात जमायचं. उपासना सुरू असेल तर मागच्या बाकावर गप्प बसायचं आणि फोटो उपासना संपल्यावरच काढायचे. चपला काढायची गरज नाही, पुरुषांनी टोपी मात्र काढावी. टिचक्या मारायच्या त्या एकेकाने, सगळ्यांनी मिळून नव्हे.