शनिवार संध्याकाळ

श्रोतेहो, नमस्कार. नवरा-बायको कोर्टात भांडतात तेव्हा दोघांनाही वकील असतो. मुलाची बाजू मांडायला मात्र बहुधा कुणीच नसतं. कधी कधी कोर्ट ते काम माझ्यासारख्या वकिलाकडे देतं.

एक गोष्ट सांगते, गावं बदलून. नऊ वर्षांचा मुलगा. वडील डिचोलीला, आई त्याला घेऊन फोंड्याला माहेरी. वडिलांनी शनिवारी संध्याकाळी भेटायचं असं ठरलेलं. आणि दर शनिवारी पोराच्या पोटात दुखायचं. वडील म्हणायचे, आई कान भरते. आई म्हणायची, तो बापाला घाबरतो.

मी त्याला समोर बसवलं. कोण जास्त आवडतं, हे विचारलं नाही. श्रोतेहो, हा प्रश्न मुलाला कधीच विचारू नका. आजीनेसुद्धा नाही! तो गप्पच होता. पण उजव्या हाताची बोटं माझ्या डब्यावर ताल धरत होती, आणि डावा तळवा हवेत उघडझाप करत होता, मातीच्या भांड्याला कातडं लावलेलं आमचं गोव्याचं घुमट हे वाद्य वाजवतात ना, तशीच. म्हटलं, "बाळा, घुमट वाजवतोस?" लगेच मान वर. "मावशी, देवळात शनिवारीच प्रॅक्टिस असते. मी गेलो नाही तर गणेशचवथीला आरतीत घेणार नाहीत."

एवढंच होतं हो! घुमटाला पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, आता बकऱ्याचं असतं. पण पोरांच्या बोटांत ते अजून आहे. शाळाशाळांतून ते शिकवायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. असो.

मूल ही वाटणीची वस्तू नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने रोझी जेकब खटल्यात 1973 सालीच हे सांगितलं. मुलांचं म्हणणं ऐकून घ्या, असं सांगणारा संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार भारताने 1992 साली स्वीकारला. पुन्हा सांगते, मूल ही वाटणीची वस्तू नव्हे. त्याच्या शाळेचं, झोपेचं, मित्रांचं वेळापत्रक आधी बघा, मग तारखा ठरवा.

आम्ही भेट रविवारी सकाळी नेली. पोटदुखी थांबली. शनिवारी वडील आपणहून देवळात येऊन मागच्या खांबाशी बसू लागले, आईनेही हरकत घेतली नाही. वडिलांकडचा गणपती दीड दिवसाचा, आजोळचा पाच दिवसांचा. पहिल्या दिवशी त्याने डिचोलीला घुमट वाजवलं, तिसऱ्या दिवशी फोंड्याला.