जवस: धानाच्या बांधीतून चटणीच्या वाटीत

सकाळच्या उन्हात ही बांधी, म्हणजे धानाचं शेत, निळी दिसतेय. दुपारी याल तर पाकळ्या गळून पडलेल्या असतील. जवसाचं फूल तेवढंच टिकतं. जवस लिव्हरला चांगलं का, असंही विचारतात; त्याकडे चटणी झाली की येऊ.

पूर्व विदर्भात जवसासाठी वेगळी नांगरणी नाही, पेरणी नाही. धान उभं असतानाच, कापणीच्या काही दिवस आधी, ओल्या जमिनीत बी फेकतात. धान कापून नेलं की मागे उरलेल्या ओलीवर हे पीक निघतं. याला उतेरा म्हणतात. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसाचं संशोधन चालतं. पीकेव्ही एनएल-260 हे वाण तिथलंच. तरी शहरात हेच बी ‘फ्लॅक्ससीड’ म्हणून चौपट तोऱ्यात विकलं जातं, ते असो.

एका बोंडात फार तर 10 दाणे. तपकिरी, चपटे, चिमटीतून निसटणारे.

आता घरातली कढई. आच मंद. दाणे तडतडू लागले की वर झाकण हवं, नाहीतर निम्मे ओट्यावर. भाजल्याने खमंगपणा येतो आणि कच्च्या जवसात थोड्या प्रमाणात असणारी, सायनाइड सोडणारी द्रव्यंही कमी होतात. मग लसूण, सुकी मिरची, जिरं, मीठ, आणि खलबत्ता. कुटायचं अशासाठी, की अख्खा दाणा बरेचदा पोटातून जसाच्या तसा बाहेर पडतो. कुटला की तेल सुटतं. त्यात निम्म्याच्या आसपास ओमेगा-3, म्हणजे शरीराला लागणारा एक स्निग्ध घटक. हे तेल खवटही लवकर होतं, म्हणून इथे चटणी थोडीथोडीच कुटतात.

लिव्हरचं म्हणाल, तर इराणमध्ये फॅटी लिव्हरच्या, म्हणजे लिव्हरमध्ये चरबी साठलेल्या, 50 रुग्णांवर 12 आठवडे चाचणी झाली. आहार-व्यायामाचा सल्ला सगळ्यांना, आणि एका गटाला वर रोज 30 ग्रॅम दळलेलं जवस. 2016 साली निष्कर्ष छापून आले: जवस खाणाऱ्यांची लिव्हर एन्झाइम्स (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढतात ती) आणि लिव्हरमधली चरबी जास्त उतरली. चाचणी छोटी होती, आणि औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच.

30 ग्रॅम म्हणजे चारेक मोठे चमचे पूड. एवढी चटणी खाल्ली तर मीठ-मिरचीच जास्त जाईल. म्हणून या घरात थोडी पूड बिनमिठाची बाजूला काढतात. ती भाकरीच्या पिठात मिसळतात, नाहीतर वरणावर भुरभुरतात.